जुने संगणक, मुक्त प्रणाली आणि अप्रमाद

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतरची एक कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात येते. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की एक भिक्खू इतक्या वस्त्रांचे करणार काय? कापडाचे दुकान तर मांडणार नाही? त्याने आनंदांना विचारले. उत्तर मिळाले, ज्यांची चीवरे फाटली आहेत अशा भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. खोळी जीर्ण झाल्या की जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याचे फडके. शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात मिसळू आणि जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील बहुतेक संगणक ही अशीच दानात आलेली जुनी चीवरे आहेत. काही माजी विद्यार्थ्यांनी दिले, काही कार्यालयांतून निकाली निघालेले आले. त्यांवर नवी विंडोज प्रणाली चालत नाही आणि विंडोज १० या जुन्या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ही तारीख आपल्याला निराळ्याच आणि फार मोठ्या कारणाने तोंडपाठ आहे. हा केवळ योगायोग. परंतु त्या दिवशी जगातील असंख्य चांगले संगणक एका अर्थाने 'जुने' ठरले, हे खरे. ते भंगारात घालायचे की आनंदांप्रमाणे त्यांचा पुढचा उपयोग शोधायचा, असा प्रश्न आमच्यापुढे त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. आम्ही लिनक्सचा मार्ग धरला. त्या वाटेवर जे शिकलो, आणि जे गमावले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत. अनेकांच्या घरीही असा एखादा संगणक कापडाखाली झाकून पडलेला असेल.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. प्रत्येकाला वापरता, अभ्यासता, वाटता आणि बदलता येईल अशी संगणकप्रणाली घडविणे हा तिचा हेतू होता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या प्रणालीला हवा असलेला गाभा, म्हणजे 'कर्नल', लिहून लोकांसाठी खुला केला. दोहोंच्या संयोगातून आज डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या अनेक प्रणाली उभ्या आहेत. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय आवृत्ती तयार केली. केरळमधील शासकीय शाळा तर गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवीत आहेत.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला महाड आठवल्यावाचून राहत नाही. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. हक्क कागदावर असणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे, यांत अंतर असते. त्या संग्रामाशी संगणकाची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण धडा तोच आहे. प्रणाली मुक्त असेल, परंतु ती सांभाळण्याचे ज्ञान आपल्या हाती नसेल, तर प्रत्येक बिघाडाला आपण दुसऱ्याच्या दारात उभे राहू.

प्रारंभ कसा करावा

आधी संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना आणि रॅम किमान ४ जीबी आहे ना, हे पाहावे. अशा यंत्रासाठी लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती आम्हाला सोयीची वाटली. निवडताना दीर्घकाळ साहाय्य मिळणारी आवृत्तीच घ्यावी. उदाहरणार्थ, लिनक्स मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणार आहेत. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवून घेतली की हार्ड डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून पाहता येतो. आवाज, वायफाय, छपाईयंत्र सारे चालते आहे याची खात्री झाल्यावरच प्रणाली बसवावी.

बसवताना एक दूरदृष्टी ठेवावी. डिस्कचे दोन भाग करावेत : सुमारे ५० जीबीचा भाग प्रणालीसाठी आणि उरलेला 'होम' या नावाने आपल्या फाइलींसाठी. पुढे प्रणाली नव्याने बसवण्याची वेळ आली तर पहिला भागच पुसावा लागतो, दुसरा सुरक्षित राहतो. घराचे छप्पर बदलताना धान्याची कोठी हलवावी लागू नये, तसे हे आहे.

आणि खर्च करायचाच असेल तर एकाच गोष्टीवर करावा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवावी. दहा वर्षांचा संगणकही त्याने तरतरीत होतो. नवा संगणक घेण्याच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी थोडी असते.

आमची चूक

आता जे सांगणे अवघड आहे ते सांगतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी आपला हा परिसर भंडारा जिल्ह्यात होता. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. त्या वेळची सभा ऐकलेली, आणि १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेलेली माणसे कोहमारा व आसपासच्या गावांत काही वर्षांपूर्वीपर्यंत होती. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्ट्यांमध्ये आपापल्या आजी-आजोबांना बोलते केले. कोणी पायी गेले होते, कोणी शिदोरी बांधून रेल्वेने. एका आजीने सांगितले होते की पांढरे लुगडे घरात नव्हते, म्हणून शेजारणीचे मागून नेले. अशा तीस-बत्तीस मुलाखती आम्ही कक्षातील एका संगणकावर जमा केल्या होत्या.

त्या संगणकावर 'टाइमशिफ्ट' ही सोय चालू होती. ती रोज प्रणालीची प्रत घेते, हे आम्हाला ठाऊक होते आणि त्यावर आम्ही निर्धास्त होतो. एका पावसाळ्यात त्या यंत्राची डिस्क टकटक आवाज करू लागली. संगणक रेंगाळू लागला. आम्ही त्याला म्हातारपण समजलो. आठवड्याभरात डिस्क पूर्ण बंद पडली. तेव्हा कळले की टाइमशिफ्ट फक्त प्रणालीच्या फाइली जपते. आपल्या 'होम'मधील फाइली, वेगळे सांगितल्याशिवाय, ती घेतच नाही. शिवाय ज्या प्रती तिने घेतल्या होत्या त्या त्याच डिस्कवर होत्या. म्हणजे कोठीची किल्ली कोठीतच होती.

एका विद्यार्थ्याच्या मोबाइलच्या मेमरी कार्डात नऊ मुलाखती शिल्लक निघाल्या. बाकीच्या गेल्या. आम्ही पुन्हा त्या गावांत गेलो, तोवर बोलणाऱ्यांपैकी बरेच जण उरले नव्हते. पांढऱ्या लुगड्याची गोष्ट आता केवळ आमच्या स्मरणात आहे. त्या आजीचा आवाज नाही. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्या समाजाच्या इतिहासशिक्षकाने तो असा हरवावा, याची बोच अजून जात नाही. यात यंत्राचा दोष नव्हता. प्रमाद आमचा होता.

राखीव प्रत : तीन, दोन, एक

म्हणून सर्वांत महत्त्वाचा नियम आधी. मोलाच्या प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी. आमच्याकडे एक प्रत संगणकावर, एक कार्यालयाच्या कपाटातील बाह्य डिस्कवर आणि एक गावातील एका विश्वस्तांच्या घरी असते. मिंटमध्ये 'बॅकअप टूल' आणि उबुंटूत 'डेजा डूप' ही साधने यासाठी आहेत. टाइमशिफ्टही चालू ठेवावे. अपडेट फसले तर प्रणाली मागील स्थितीत नेण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र दोहोंची कामे भिन्न आहेत, हे विसरू नये.

प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

डिस्क सहसा अचानक जात नाही, आधी खुणा करते. मेनूतील 'डिस्क्स' हा प्रोग्राम उघडून डिस्क निवडावी आणि 'स्मार्ट' माहिती पाहावी. तेथे खराब झालेल्या भागांची संख्या वाढत असल्याचे दिसले, किंवा डिस्क आवाज करू लागली, तर त्याच दिवशी सर्व फाइली हलवाव्यात. दुरुस्तीचा विचार नंतर.

अपडेट आणि जागा

अपडेट म्हणजे दुरुस्त्यांची डाक. तिच्यातून सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जातात. आठवड्यातून एक दिवस ठरवून 'अपडेट मॅनेजर' उघडावा आणि आलेल्या दुरुस्त्या बसवाव्यात. वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा हे काम करू नये. मध्येच बंद पडलेले अपडेट प्रणालीला अर्ध्या वाटेवर सोडते. परीक्षेच्या किंवा अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशीही करू नये. प्रोग्राम बसवायचा तर प्रणालीच्या स्वतःच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधूनच बसवावा. इंटरनेटवर जेथे तेथे मिळणाऱ्या फाइलींच्या मागे लागू नये.

दर अपडेटबरोबर नवे कर्नल येत राहते आणि जुनी डिस्कवर साठत जातात. प्रणालीचा भाग पूर्ण भरला तर संगणक सुरू होतो, पण आत प्रवेशच देत नाही. पडदा पुन्हा पुन्हा संकेतशब्द विचारत राहतो. संकेतशब्द चुकला असे समजून अनेक जण येथे फसतात. म्हणून किमान पंधरा टक्के जागा सदैव मोकळी असावी. 'डिस्क युसेज ॲनालायझर' हे साधन कोणत्या फोल्डरने किती जागा अडवली ते चित्ररूपाने दाखवते. जुनी कर्नले अपडेट मॅनेजरमधूनच काढता येतात. परंतु सध्याचे आणि त्याच्या लगतचे जुने, अशी दोन नेहमी राखावीत. ते का, हे पुढे सांगतो.

पेनड्राइव्हबाबत मुलांना आम्ही एकच गोष्ट घोकून घेतो : 'इजेक्ट' केल्यावाचून काढायचा नाही. लिनक्स फाइल आधी स्मृतीत धरते आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. पडद्यावर काम झालेले दिसते, पण आत ते चालू असते. घाईने ओढून काढलेल्या पेनड्राइव्हवर प्रकल्पाचे पान कोरे निघाले, असे आमच्याकडे कितीदा तरी झाले.

अधिकारांची वाटणी

लिनक्सचे बळ तिच्या अधिकारांच्या रचनेत आहे. सामान्य वापरकर्ता आपल्या घरात मुखत्यार असतो, परंतु साऱ्या प्रणालीत बदल करण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार प्रशासक खात्याकडे असतो आणि तोही दर वेळी संकेतशब्द विचारून, तेवढ्या कामापुरताच मिळतो. 'सुडो' या आज्ञेचा अर्थ तोच. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्यावर मर्यादा, हे संविधान शिकवणाऱ्याला नव्याने सांगायला नको.

म्हणून घरीसुद्धा दोन खाती करावीत : देखभालीसाठी प्रशासक खाते आणि रोजच्या कामासाठी साधे खाते. मुलांना साधेच द्यावे. प्रशासकाचा संकेतशब्द दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा. एकालाच असेल तर त्याच्या बदलीबरोबर कक्षाला कुलूप लागते. आणि कोणी सांगितली म्हणून, अर्थ न समजता, कोणतीही आज्ञा टर्मिनलमध्ये टंकू नये. 'आरएम' या दोन अक्षरी आज्ञेने पुसलेली फाइल कचराटोपलीत जात नाही, ती गेलीच.

मराठीसाठी दोन शब्द

लिनक्सवर मराठी लिहिता येत नाही, हा गैरसमज आहे. 'लोहित' आणि 'नोटो' हे देवनागरीचे मुक्त फॉन्ट प्रणालीतच उपलब्ध असतात. सेटिंगमध्ये मराठी कळफलक जोडला की इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकता येते. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने मुले ती लवकर आत्मसात करतात. अडचण येते ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या कागदपत्रांची. ती नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. संस्थेचे जुने अहवाल, ठराव, वार्षिकांक असे असतील तर ते परिवर्तकाच्या साहाय्याने वेळीच युनिकोडमध्ये आणावेत आणि मूळ कागदाशी ताडून पाहावेत. लिबरऑफिसमध्ये ते जतन करून एक पीडीएफ प्रतही ठेवावी.

धूळ, पाऊस आणि वीज

कोहमाऱ्याला हमरस्त्याची धूळ बारमाही आहे. धानाच्या मळणीत तिच्यात भुशाची भर पडते. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, प्रोसेसर तापतो आणि संगणक मध्येच बंद पडतो. वर्षातून दोनदा, विजेची तार काढून, मऊ कुंचल्याने आतील धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. पावसाळ्यात संगणक वापरात नसला तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवावा; त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल जाते. गडगडाट सुरू झाला की केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. विजेची आणि नेटवर्कची, दोन्ही तारा काढून ठेवाव्यात.

जुन्या यंत्रात एक फसवा बिघाड आढळतो. संगणक चालतो, इंटरनेट जोडलेले असते, तरी एकही संकेतस्थळ उघडत नाही, 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो. अशा वेळी आधी तारीख पाहावी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. 'सीआर २०३२' ही साधी बॅटरी बदलली की काम भागते. आम्ही हे कळण्यापूर्वी दोन संगणक निकामी म्हणून बाजूला काढले होते.

अडल्यास काय करावे

संगणक गोठला तर लगेच वीज तोडू नये. 'ऑल्ट' आणि 'प्रिंट स्क्रीन' या कळा दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे, प्रत्येकी काही क्षण थांबून, क्रमाने दाबावीत. पहिल्याने अर्धवट लिहिलेले डिस्कवर उतरते, दुसऱ्याने डिस्कवरचे लेखन थांबते, तिसऱ्याने संगणक पुन्हा सुरू होतो.

अपडेटनंतर संगणक सुरूच होत नसेल तर आरंभीच्या 'ग्रब' यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून लगतचे जुने कर्नल चालवावे. दोन कर्नले राखावीत असे वर म्हटले ते यासाठीच. त्याच यादीतील 'रिकव्हरी मोड'मध्ये अर्धवट अपडेट दुरुस्त करण्याची आणि डिस्क तपासण्याची सोय आहे. यानेही भागले नाही तर पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून आधी फाइली बाहेर काढाव्यात. प्रणाली पुन्हा बसवता येते; फाइली पुन्हा लिहिता येत नाहीत.

नोंदवही

आता प्रत्येक संगणकाला आमच्याकडे एक क्रमांक आणि एक साधी वही आहे. कोणता भाग कधी बदलला, अपडेट कधी केले, काय बिघडले, कोणत्या उपायाने सुधारले, हे सारे तारीखवार त्यात लिहिले जाते. बहुतेक बिघाड पुन्हा पुन्हा तेच असतात. मागच्या वर्षीच्या मुलाने लिहिलेला उपाय या वर्षीच्या मुलीच्या कामी येतो.

देखभालीचा दिवस आम्ही पौर्णिमेचा धरला आहे. सकाळी वंदना झाल्यावर नववीची मुले कक्षात येतात. जागा पाहणे, डिस्कची प्रकृती पाहणे, प्रत घेणे, वहीत नोंद करणे, ही चार कामे होतात. उपोसथाच्या दिवशी भिक्खुसंघ आपले आचरण तपासतो. आम्ही त्या दिवशी आपल्या सामायिक वस्तूही तपासतो. विनयात एक बारीकसा नियम आहे : संघाचा पलंग, आसन वा गादी उघड्यावर मांडून, ती न आवरता किंवा कोणाला न सांगता निघून जाणाऱ्या भिक्खूला दोष लागतो. वस्तू सर्वांची आहे म्हणून ती कोणाचीच नाही, असे होऊ नये, हा त्यामागचा विचार. तो मुलांना व्याख्यानातून सांगण्यापेक्षा कुंचला हातात दिल्यावर अधिक समजतो.

माजी विद्यार्थ्यांना आमच्या दोन विनंत्या आहेत. घरी किंवा कार्यालयात बाजूला पडलेला संगणक असेल तर त्यातील आपली खाजगी माहिती पूर्ण पुसून तो शाळेकडे पाठवावा. चालत नसला तरी चालेल, त्याचे सुटे भाग दुसऱ्याला लागतात. दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांना १९५४ किंवा १९५६ चे काही आठवत असेल, अथवा त्यांनी त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेले असेल, तर ते आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि एक प्रत शाळेला द्यावी. एक आपल्याजवळ ठेवावी, एक भावंडाकडे.

त्या नऊ मुलाखती आता तीन ठिकाणी आहेत. दर पौर्णिमेला एखादा विद्यार्थी त्यांतील एक उघडून थोडी ऐकतो आणि वहीत लिहितो : आवाज स्वच्छ आहे.

जय भीम.